पालकांना अंदाजपत्रक वाचायलाही शिकवा

महोदय,

दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी होणारी शिबिरे बहुधा संगोपन, व्यायाम आणि अर्ज भरण्याच्या मार्गदर्शनापाशी थांबतात. त्यांची गरज आहेच. परंतु शाळेच्या इमारतीचा आराखडा किंवा विशेष शिक्षकांची पदे जिथे ठरतात, त्या बैठकीत आपला मुद्दा केव्हा मांडावा, अंदाजपत्रकातील तरतूद कशी शोधावी आणि नकार मिळाल्यास पुढे कोणाकडे जावे, हे सहसा कोणी शिकवत नाही. त्यामुळे आमच्यापैकी अनेक जण आयुष्यभर अर्जदारच राहतात.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८७ मध्ये ‘पार्टनर्स इन पॉलिसीमेकिंग’ हा प्रशिक्षणक्रम सुरू झाला. विकासात्मक अपंगत्व (बालपणापासून शिकणे, बोलणे किंवा हालचाल यांत येणारी कायमची अडचण) असलेल्या लहान मुलांचे पालक आणि स्वतः अपंगत्वासह जगणारे प्रौढ दोन-दोन दिवसांच्या आठ सत्रांत एकत्र शिकतात. दिव्यांग हक्क चळवळीचा इतिहास, कायदा होण्याची प्रक्रिया, लोकप्रतिनिधींपुढे मोजक्या शब्दांत निवेदन करणे हे त्यांचे विषय असतात आणि दोन सत्रांच्या मधल्या काळात गृहपाठही असतो. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते पालक आणि दिव्यांग प्रौढ यांचे शेजारी बसणे.

त्याचे कारण सांगतो. एका बैठकीत माझ्या तरुण मुलाला प्रवासाच्या अडचणी विचारल्या गेल्या. त्याला बोलायला वेळ लागतो, म्हणून उत्तर मीच दिले आणि दारापर्यंत येणाऱ्या स्वतंत्र वाहनाची मागणी केली. घरी आल्यावर त्याने सांगितले, की त्याला सर्वांच्याच बसमध्ये व्हीलचेअरसह चढता यायला हवे आहे, कारण मग कधी निघायचे हे तो स्वतः ठरवू शकेल. माझी मागणी काळजीपोटी होती, तरी ती त्याची नव्हती.

२००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातील कलम ४(३) नुसार, दिव्यांगांशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी विचारविनिमय करणे आणि त्यांना सक्रिय सहभागी करून घेणे सरकारांवर बंधनकारक आहे. मात्र तयारीविना बोलावलेला प्रतिनिधी नुसता हजेरीपुरता उरतो.

म्हणून असे प्रशिक्षण आखताना सांकेतिक भाषेचे दुभाषे, सोप्या भाषेतील मजकूर, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी पुरेसा वेळ आणि त्या दोन दिवसांत घरच्या मुलाकडे पाहणारे विश्वासू माणूस, यांचा खर्च सुरुवातीलाच धरावा. शिवाय प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना शाळा, वाहतूक आणि आरोग्याच्या समित्यांवर मतदानाच्या हक्कासह जागा द्याव्यात आणि त्यांतील पहिली जागा पालकाला नव्हे, तर दिव्यांग व्यक्तीला मिळावी.

— एक पालक