कथेतली ‘मी’

॥ श्री ॥
वाई, गुरुवार रात्र

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी फोनवर जे विचारलं ते विचारायला नको होतं. पोरीची पहिली कथा छापून आली, तीही दिवाळी अंकात, आणि शाबास म्हणायच्या आधी बापानं ‘त्या कठड्याचं काय?’ असं विचारावं, हे चुकलंच. आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तू एवढंच म्हणालीस, “बाबा, कथेतली मी म्हणजे लेखिका नव्हे. नववीत तुम्हीच शिकवलंत.” आणि फोन ठेवलास.

शिकवलं होतं खरं. ३२ वर्षं शिकवलं. फळ्यावर एका बाजूला ‘कवी’ लिहायचो, दुसऱ्या बाजूला ‘मी’, आणि मधे उभी रेघ ओढायचो. तू दुसऱ्या बाकावर असायचीस.

आधी शाबासकी, उशिरा का होईना. अंक शुक्रवारी आला. आत्यानं दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्यानं. मी अंक पिशवीत घालून वाचनालयात नेला आणि चौघांना अनुक्रमणिकेतलं तुझं नाव दाखवलं. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला आपलं नाव अशा अंकात यावंसं वाटत आलं आहे. मलाही वाटायचं. ते तुझं आलं, आणि मला मिळालं असतं त्याहून जास्त मिळालं.

कथा चांगली आहे. ‘कठडा अजून दिवसभराच्या उन्हानं कोमट होता’ हे वाक्य तर मी पेन्सिलीनं अधोरेखित केलं. मग तिथंच अडकलो. रात्री अकराला सातव्या मजल्याच्या गच्चीचा कठडा कोमट असतो, हे टेबलाशी बसून सुचत नाही. त्यावर कुणीतरी हात ठेवलेला असावा लागतो.

बघ, आलो पुन्हा तिथंच. या पत्रात कठड्याचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

मी माझीच समजूत काढत होतो ती तुला सांगतो. प्रत्येक प्रकारातला ‘मी’ वेगळा असतो. ज्ञानदेवांच्या विराण्यांत बोलते ती विरहानं पोळलेली स्त्री. ज्ञानदेवांनी तिचा आवाज घेतला म्हणून कुणी गोंधळात पडत नाही. पेशवाईतल्या लावणीत स्वारीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत रात्र काढणारी ‘मी’ राम जोशींनी, होनाजींनी लिहिली, आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक होतं. गझलेत तर एक शेर रडवेला आणि पुढचा मिजाशीत असला तरी चालतं, कारण प्रत्येक शेर आपल्यापुरता पूर्ण. कीर्तनकार आख्यानात कंस होऊन गर्जतो आणि आरतीला पुन्हा आपला बुवा होतो. हे संकेत ऐकणाऱ्याला माहीत असतात म्हणून तो निर्धास्त असतो.

अभंगाचं तसं नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरांची ती चाल, आणि शेवटी ‘तुका म्हणे’. ती नाममुद्रा म्हणजे दस्तावरची सही. तुकोबा दुष्काळाचं सांगतात, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’, तेव्हा मधे रेघ ओढायची सोय नाही. १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ, ती बायको त्यांची. हा चरण वर्गात वाचताना मी दरवर्षी थांबायचो, आणि पोरं समजायची की सर पुढचं विसरले.

तुझ्या कथेखाली अशी सही नाही, म्हणून मी निर्धास्त असायला हवं. कथेतला बाप शिंपी आहे, मी मास्तर. कथेतल्या मुलीला भाऊ नाही, तुला दादा आहे. पण ती बसचं तिकीट घडी घालून घालून नखाएवढं करते, मनू. तुझ्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून असल्या घड्या आई मूठभर काढायची. आणि तिचा डबा तीन दिवस तसाच परत जातो.

तू डबा खातेस ना?

माझी आई पहाटे दळायला बसायची तेव्हा मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचो. जात्याच्या घरघरीनं कान भरून जायचा, नाकात ज्वारीच्या पिठाचा वास, आणि वरून ओवी. तिच्या ओवीत भाऊ घोड्यावरून यायचा, खण आणायचा, आंब्याखाली उतरायचा. मी सहा-सात वर्षांचा असेन. विचारलं, “आई, मामा कधी येणार?” ती म्हणाली, “मला कुठला रे भाऊ? ओवीत भाऊ असतोच, म्हणून म्हणायचं.” वाङ्मयातला संकेत म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात कळलं, पुढं बी.ए.ला पुस्तकांतून तेच वाचलं. वर्गात मी ही आठवण नेहमी सांगायचो आणि इथंच थांबायचो.

पुढचं कधी सांगितलं नाही, तुलाही नाही. त्या ओवीला तिचा आवाज चिरायचा. एरवीच्या ओव्यांना नाही, फक्त भावाच्या. भाऊ खोटा होता, पण संकटात हाक मारायला माहेरी कुणी नव्हतं हे खरं होतं. ओवीनं तिला ते म्हणायला जागा दिली होती, आणि घरात कुणी तिला त्याबद्दल विचारलं नाही. आम्ही ओवी ऐकत होतो.

रविवारपासून मला हेच आठवतं आहे. कथेतली ‘मी’ तू नाहीस, मान्य. मग फोनवर ‘मी बरी आहे’ म्हणते ती तरी कोण? पत्रात आपण ‘इकडील सर्व क्षेम’ लिहितो तेव्हा घरात ताप असला तरी क्षेमच लिहितो. फोनचाही असाच मायना झाला आहे. जेवलीस का, जेवले. बरी आहेस का, बरी आहे. पानिपतानंतर, १७६१ साली, नानासाहेबांच्या हाती एका सावकाराचं पत्र पडलं असं सांगतात: दोन मोती गळाले, २७ मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. सावकाराला ती देण्याघेण्याची भाषा. नानासाहेब पेशव्यांनी त्यात मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ यांचं मरण वाचलं. मीही हल्ली तुझे फोन तसेच ऐकतो. लोकलला गर्दी होती, साहेब रजेवर आहेत, चादर वाळली नाही. फोन ठेवला की विचार करत बसतो, यातला मोती कुठला.

आता हे सगळं व्याख्यान झालं. माफ कर. बापाला काळजी वाटली की त्यानं दोन ओळींत लिहावी, मी तुकोबा आणि पानिपत काढून बसलो. आणि तू लिहिणं थांबवशील या भीतीनंही मला झोप नाही. थांबवू नकोस. माझ्या प्रश्नाला भिऊन पुढच्या कथेतला कठडा काढून तिथं खिडकी लावलीस, तर तो दोष माझ्याकडे येईल. घरातलं जे हवं ते घे, वरची खोली घे, माझं ओरडणं घे. तुझ्या बारावीच्या मार्चबद्दल इथं लिहिणार नाही असं आईला कबूल केलं आहे, म्हणून लिहीत नाही. तुला हवं तर तू लिही.

शनिवारी बाळूकाका दादरला येतो आहे. त्याच्याबरोबर मेतकूट, आईनं केलेल्या कडबोळ्या आणि अंकाच्या दोन प्रती पाठवतो. तुझ्याकडे एकच असेल. त्याला वर खोलीवर ने. स्टेशनवरूनच परत पाठवू नकोस, त्याला मी सांगितलं आहे.

रविवारी मी फोन करीन तेव्हा बरी आहेस का ते विचारणार नाही. आदल्या रात्री डब्यात भाजी कुठली होती आणि त्यातली किती उरली, एवढंच सांग. उरली असली तरी सांग. मी काही बोलणार नाही.

आईचे आशीर्वाद. आत्या म्हणते, शेवट अजून जरा लांबवायला हवा होता.

तुझा,
बाबा