पहिलीच्या मुलांना बुटांची सक्ती कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला की दुकानांत शाळेच्या काळ्या बुटांसाठी झुंबड उडते. बहुतेक पालक एक नंबर मोठाच जोड घेतात, पुढे कापूस कोंबतात आणि त्यात दोन वर्षं काढायचा बेत करतात. आधी पाय बुटात घसरतो, नंतर बोटं दाबली जातात. मधले काही महिनेच काय तो बूट मापाचा! हा सगळा खटाटोप गणवेशासाठी. पायाचा विचार त्यात कुठेच नसतो.

मी माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होतो. आमच्या भागातली बरीच मुलं सैन्यभरतीची तयारी करतात. धावण्यात पुढे असलेला पोरगा मेडिकलला सपाट तळव्यांमुळे बाद होऊन आला की वाईट वाटायचं. तळव्याला कमान आहे का, हे घरीही कळतं. ओल्या पायाने कोरड्या फरशीवर उभं राहायचं. ठशाची आतली बाजू रिकामी दिसली तर कमान आहे, सगळा तळवा उमटला तर ती नाही किंवा कमी आहे. चिमुरड्यांचा तळवा सपाटच असतो, त्यामुळे आईबापांनी लगेच घाबरू नये. पुष्कळांच्या बाबतीत ते घराण्यातच असतं आणि आयुष्यभर काही दुखतही नाही.

पण पादत्राणांचा यात वाटा आहे, हे आपल्याच देशात दिसून आलं आहे. डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणं घालणाऱ्यांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बुटांत जास्त, सँडल-चपलांत कमी. कमान घडण्याचा महत्त्वाचा काळ सहा वर्षांच्या आतला, असंही त्यांनी सुचवलं. आणि नेमक्या त्याच वयात आपण बालवाडीच्या पोरांना पाच-सहा तास बुटात कोंबतो.

कारण समजायला अवघड नाही. तळव्यातले बारीक स्नायू कमान तोलून धरतात. जाड, न वाकणाऱ्या तळाच्या बुटात बोटांना जमीन धरावीच लागत नाही. प्लास्टर काढल्यावर हात बारीक झालेला असतो, तशातली ही गत. मोठ्यांसाठी मात्र आशेची बातमी आहे: लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात सहा महिने पातळ, लवचीक तळाची पादत्राणं रोज वापरणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली. अर्थात, जाड तळाचे बूट एका दिवसात टाकून देऊ नयेत. पायाला हळूहळू सवय लावावी लागते.

सगळ्यांनी अनवाणी फिरावं, असं मी म्हणत नाही. रस्त्यावर काचा असतात, उन्हात डांबर पोळतं, ओल्या घाण मातीतून अंकुशकृमी शिरतात. मधुमेह्यांनी तर घरातही चप्पल सोडू नये. वारीत हौसेने अनवाणी चालणाऱ्यांनाही हे सांगायला हवं. पण वर्गातल्या फरशीवर यातलं काय आहे? जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत मुलं आजही चपला दाराबाहेर काढून आत बसतात. शहरातल्या शाळेत मात्र भर पावसाळ्यात ओले मोजे दिवसभर पायात, आणि मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या.

दुसरीपर्यंत बंद बुटांची सक्ती काढावी. मागे पट्टा असलेली, पुढे रुंद आणि हाताने सहज वाकणारी सँडल चालवून घ्यावी. वर्गात पाय मोकळे ठेवू द्यावेत.

शासनाने २०२३ मध्ये सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना बूट-मोजे देण्याचं ठरवलं, त्यासाठी प्रत्येकी १७० रुपये धरले. ज्याच्या पायात काहीच नाही त्याला काही मिळणं चांगलंच. पण एवढ्या पैशांत चांगला बूट येत नाही, साधी सँडल कदाचित येईल. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय मोजून ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवली आहे, कारण आपले पाय परदेशी मापांपेक्षा रुंद भरले. शाळेच्या खरेदीत निदान लहान वर्गांसाठी ती मापं वापरून पाहायला शिक्षण विभागाला काय हरकत आहे?

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. सातारा