बेबी मॉनिटर घेताना

महोदय,

बेबी मॉनिटर, म्हणजे बाळाच्या खोलीतला आवाज किंवा चित्र दुसऱ्या खोलीतल्या रिसीव्हरवर पोचवणारं यंत्र, म्हटला की लोक आधी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघतात. खरं तर घर लहान असेल आणि बाळाचं रडणं भिंतीपलीकडे ऐकू येत असेल, तर मॉनिटरची गरजच नसते. घर मोठं किंवा दुमजली असेल तर नुसता आवाजाचा, डेक्ट पद्धतीचा (कॉर्डलेस फोनमध्ये असते ती बिनतारी पद्धत) मॉनिटर बहुतेकांना पुरतो. तो सुमारे १.९ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवरच्या वायफायची किंवा मायक्रोवेव्हची खरखर त्यात येत नाही. खोक्यावरचे पल्ल्याचे ‘३०० मीटर’ मोकळ्या मैदानातले असतात. काँक्रीटच्या दोन-तीन भिंती आड आल्या की त्यातले फार थोडे उरतात. म्हणून परत करण्याची मुदत आहे तोवर एकाने बाळाच्या खोलीत हळू गुणगुणावं, दुसऱ्याने रिसीव्हर घेऊन घरभर, गच्चीपर्यंत फिरावं. संपर्क तुटल्यावर रिसीव्हर पिपाणीसारखा वाजतो की मुकाट बसतो, हेही तेव्हाच कळतं. मुकाट बसणारा घेऊ नये.

वायफायचा कॅमेरा हवाच असेल तर मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि सॉफ्टवेअर अपडेट चालू ठेवा. वायर मात्र पाळण्यापासून किमान १ मीटर लांब हवी. गळ्याभोवती गुंडाळली जाऊन बाळं दगावली आहेत. कॅमेरा पाळण्याच्या कठड्याला अडकवणं तर नकोच.

नाडीचे ठोके किंवा रक्तातला ऑक्सिजन मोजणारे, बाळाच्या पायात घालायचे मोजे झोपेतला आकस्मिक मृत्यू टाळतात, याला पुरावा नाही. बाळाला उताणं, घट्ट सपाट गादीवर, उशी-दुलईविना झोपवावं.

– एक वाचक