फताडे पाय आणि सायकलचे बूट

पुणे, रविवार संध्याकाळ

प्रिय पक्या,

तुझा मेसेज परवाच बघितला होता, पण हे एका ओळीत सांगायचं प्रकरण नाही म्हणून आज निवांत चहा घेऊन बसलोय. "सायकलचे बूट घ्यायचेत, करंगळी चेपतीय, दुकानदार म्हणतो एक नंबर वरचा घ्या, घेऊ का?" एवढंच विचारलंस. तर भावा, घेऊ नको. हे मी स्वतःचे सात हजार घालवून शिकलोय, तू तरी घालवू नको.

आधी सांग, तुला शाळेतले पीटीचे पांढरे कॅनव्हास आठवतात का? जूनमध्ये नवे घ्यायचे आणि दिवाळीच्या आत आपल्या दोघांच्याच बुटांना करंगळीपाशी भोक. बाकी पोरांचे टाचेला झिजायचे, आपले बाजूनं फाटायचे. सर म्हणायचे पाय आहेत का फावडी. आई म्हणायची लहानपणी अनवाणी हिंडलास म्हणून फताडे झालेत. मला वाटायचं मोठं झाल्यावर हा विषय संपेल, ऑफिसात काय, सँडल घालून भागतं. पण चाळिशीत सायकलचं खूळ लागलं आणि ती करंगळी परत समोर येऊन उभी राहिली.

माझा पहिला जोड असाच दुकानात जाऊन घेतलेला. पोरगा नंबर विचारतो, मी ४२ सांगतो, तो ४२ आणतो, मी म्हणतो बाजूनं आवळतोय, तो म्हणतो, "सर थोडं वापरलं की सैल होतं." आता आपण पडलो कोल्हापूरचे, आपल्या डोक्यात हे फिट्ट बसलंय की चामड्याला तेल लावलं, चार दिवस घालून फिरलं की चप्पल पायाची होते. पण सायकलच्या बुटाचं तसं नसतं रे, वरचं कापड सिंथेटिक आणि खालचा सोल नायलॉनचा नाहीतर कार्बनचा, तो मुद्दामच कडक केलेला असतो, पाय मारला की जोर वाकण्यात वाया जाऊ नये म्हणून. तो सोल आज जेवढा रुंद आहे तेवढाच दहा वर्षांनी राहणार. हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, आणि त्या पोरालाही बिचाऱ्याला माहीत नसावं.

ते बूट घालून मी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम केली, म्हणजे वेळेची मर्यादा असलेली लांब पल्ल्याची सायकल राइड. पुण्यातून कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाट्यावरून वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि परत. साडेतेरा तासांत संपवायची असते. सकाळी सहाला निघालो, वाईपर्यंत राजा होतो मी. पसरणीत चवड्याखाली जरा गरम वाटायला लागलं, म्हटलं घाट आहे, होतं. पाचगणीला पोचल्याचा शिक्का घेतला, वडापाव खाल्ला, उतार लागला, आणि परत येताना सुरूरपर्यंत असं झालं की बुटात कोणीतरी निखारा ठेवलाय, त्यानंतर मुंग्या, आणि त्यानंतर काहीच नाही, म्हणजे उजव्या पायाची तीन बोटं आहेत का नाहीत ते बघायला बूट काढावा लागेल अशी परिस्थिती. खंबाटकीचा बोगदा ओलांडला, एका चहाच्या टपरीपाशी थांबायला गेलो आणि पाय पेडलमधून सुटेचना. हे बूट पेडलला अडकलेले असतात, सोडवायला टाच बाहेर फिरवायची असते हे डोक्याला माहीत, पायाला निरोपच पोचत नव्हता. उभ्या उभ्या, वेग शून्य, सगळ्यांसमोर आडवा. टपरीवाल्या मामांनी उठवलं, पाणी दिलं, आणि बूट काढल्यावर माझा पाय बघून म्हणाले, "ह्यो पाय त्यात बसवलाच कसा?"

शिरवळला दीडशे रुपयांची रबरी चप्पल घेतली, बूट हँडलला बांधले, आणि पुढचे पन्नास किलोमीटर त्या चपलेत. एसपीडीचं पेडल, म्हणजे हे बूट अडकवायचं, किती एवढंसं असतं तुला आता कळलंच असेल, बिस्किटावर पाय ठेवल्यासारखं, त्यात चप्पल घसरतीय. वीस मिनिटं शिल्लक ठेवून पोचलो. फिनिशच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे दिसतात, माझी चप्पल दिसते.

मग मी दुसरी चूक केली, जी तू आता करायला निघालायस. ४३ घेतला. ऐक, युरोपियन नंबर एकानं वाढला की बूट लांबीला साडेसहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो, रुंदीला मात्र जेमतेम दीड-दोन. मला रुंदी हवी होती आठ-दहा मिलिमीटर. त्या हिशोबानं ४६ घ्यावा लागला असता, म्हणजे पुढं अंगठ्यासमोर अख्खी खोली रिकामी. ४३ मध्ये काय झालं, करंगळी तशीच चेपलेली आणि वर टाच उचलायला लागली, चढावर प्रत्येक वेळी खालीवर. आणि एक गोष्ट लक्षातच आली नव्हती, की क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा नि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, तो बसवायची भोकं बुटाच्या लांबीच्या हिशोबानं असतात, बूट लांब घेतला की ती भोकं तुझ्या पायाच्या मानानं पुढं सरकतात. क्लीट बोटांकडं गेली की पोटऱ्यांवर ताण. आठवडाभर मी जिना धरून उतरत होतो, बायको म्हणाली व्यायामानं माणूस तरुण दिसतो असं ऐकलं होतं.

त्या काळात रात्री जागून वाचत बसायचो. जळजळ का होते तर चवड्याच्या हाडांच्या मधून बोटांकडं नसा जातात, बूट दोन्ही बाजूंनी आवळला की त्या हाडांमध्ये चिमटतात, आणि उन्हात तासन्‌तास पेडल मारून पाय सुजतो तो वेगळाच. म्हणजे सकाळी सहाला जो बूट "ठीक आहे" वाटतो तो दुपारी दोनला शत्रू असतो. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही हं, तिसऱ्या-चौथ्या बोटामधली नस कायमची जाड होऊन बसते काही जणांची. तुझी बोटं रोज रात्रीपण बधिर राहायला लागली तर बूट सोड आणि आधी हाडाच्या डॉक्टरला दाखव.

आणि एक वाचून तर मला लई बरं वाटलं. चेन्नईची ती केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे ना, त्यांनी डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी लाखभर लोकांचे पाय मोजले, थ्रीडी स्कॅनरनं वगैरे. निघालं काय, तर आपल्या लोकांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात. आणि आपण नंबर कुठले वापरतो, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले. आता त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापं सुचवलीत. सायकलच्या बुटापर्यंत ती पोचतील तेव्हा तू-मी काठी घेऊन हिंडत असू, पण निदान पीटीच्या सरांना सांगायला तरी झालं.

मधे मी एक जुगाडपण केला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोचीकाका बसतात, त्यांच्याकडं लाकडी फर्मा आहे, मधे स्क्रू, फिरवला की फाकतो. त्यांनी तो ४२ चा जोड चार दिवस फर्म्यावर ठेवला, करंगळीच्या जागी फुगवटा आणून दिला. साठ रुपये. खोटं नाही सांगत, फरक पडला, दोन तासांच्या राइडला तो जोड मी अजून घालतो. पण काका स्वतःच म्हणाले, वरचं ताणून देतो, तळ कसा ताणू? पाय तळाच्या बाहेर लोंबतोय तुमचा.

हे त्यांचं वाक्य म्हणजे खरी किल्ली. तूही हेच कर: बुटातलं इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढ, जमिनीवर ठेव, त्यावर पूर्ण वजन टाकून उभा राहा. पाय कडेच्या बाहेर सांडला तर तो बूट तुझा नाही, दुकानदार काहीही म्हणो, सेल कितीही असो. मी हे दुकानात करायला लागलो तेव्हा लोक बघायचे, बघू देत. मी तर चार दुकानं केली, चारही ठिकाणी पाय सांडला. रुंद माप ठेवतच नाहीत कोणी, मागवून देतो म्हणतात आणि विसरतात.

मिळतात मात्र. शिमानोच्या साध्या मॉडेलांत, रोड सायकलचा आरसी३ आणि एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, एक्ससी३, वाइड निघतो. लेक नावाची कंपनी बऱ्याच मॉडेलांत रेग्युलर आणि वाइड दोन्ही बनवते, आपल्यासारख्यांचा देवच तो, पण किंमत बघून हात जोडायचे. सिडीचं 'मेगा', जायरोचं 'एचव्ही' असतं, त्यात रुंदीबरोबर वरची जागाही जास्त, तुझ्या पायाचा वरचा भाग उंच आहे म्हणून हे लक्षात ठेव. आणि ऑस्ट्रेलियाचे बॉन्टवाले म्हणतात बूट घरच्या ओव्हनमध्ये सत्तर डिग्रीला वीस मिनिटं ठेवा, गरम असतानाच घाला, तो तुमच्या पायाचा आकार घेतो. हे मी बायकोला वाचून दाखवलं. नुसतं माझ्याकडं बघितलं तिनं, केक होतो त्यात, एवढंच म्हणाली. तो विषय तिथंच मिटला.

शेवटी मावसभाऊ अमेरिकेतून येणार होता, त्याच्याकडनं शिमानोचा एक्ससी३ वाइड मागवला, नंबर ४२ च. घातला आणि पहिल्यांदा असं झालं की बूट घातलाय हे विसरायला झालं. बोटं हलतात आत! पियानो वाजवल्यासारखी हलवून दाखवली मी पोरीला. टाच घट्ट, पुढं मोकळं. परवा त्यात ३०० केली, वीस तासांची मर्यादा असते त्याला, शेवटच्या पन्नासात जरा चवडा तापला पण बोटं सगळी हजर.

बूट बदलला तरी अर्धं काम सेटिंगचं आहे. क्लीट जेवढी मागं, म्हणजे टाचेकडं, जाईल तेवढी मागं घे, चवड्यावरचा भार कमी होतो. आणि रुंद बूट कधीकधी क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, घासतो, तेव्हा क्लीट अंगठ्याच्या बाजूला सरकवायची, पाय आपोआप बाहेर जातो. उलटं वाटतं ऐकायला, मी दोनदा उलटंच केलं होतं. बोटांकडचा पट्टा अगदी सैल ठेव, वरचाच आवळायचा. मोजे पातळ. जाड मोजा म्हणजे आधीच भरलेल्या एसटीत अजून चार माणसं.

आता तुझं. ती सायकल ऑफिसातल्या पोराकडून घेतलीस, त्यावर एसपीडी पेडल आधीच होते, म्हणून तू बूट शोधतोयस. पण मर्दा, पेडल काढता येतात! तू आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर चालवतोस, त्यातही निम्मं बंगळुरूच्या सिग्नलला उभं. माझं मत विचारशील तर सध्या खिळेवाले फ्लॅट पेडल लाव आणि तुझे ते रोजचे रुंद रनिंग शूज नकोत, त्यांचा सोल फार मऊ, जरा कडक तळाचे कुठलेही स्नीकर घाल. एक फुकटची सोय म्हणजे पाय हवा तसा सरकवता येतो. लांबच्या राइड सुरू झाल्या की बघू. आणि तरीही तुला क्लिकच करायचंच असेल, ओळखतो मी तुला, तर बुटाबरोबर एसएच५६ क्लीट घे. नेहमीची एसएच५१ फक्त टाच बाजूला फिरवली की सुटते, ५६ कशीही ओढली तरी सुटते. पेडलचा स्प्रिंगपण एकदम सैल करून ठेव. शिरवळच्या अलीकडं जे माझं झालं ते तुझं सिल्क बोर्डच्या सिग्नलला नको व्हायला. उन्हाळ्यासाठी शिमानोचं एसपीडीवालं सँडलपण येतं, दिसतं भयाण, पण करंगळीला दिसण्याशी काय देणंघेणं.

बरं, मावसभाऊ डिसेंबरात परत येतोय, सामानात एक जोड बसेल म्हणालाय. तेव्हा मला तुझं माप पाठव. नंबर नको पाठवू, नंबर आपल्याला बारावीपासून पाठ आहे. आपल्याला दहावीला कोल्हापुरी करून घ्यायला अण्णा चप्पल लाईनला घेऊन गेले होते, आठवतं? त्या कारागिरानं नंबर विचारलाच नाही. वहीचा कागद टाकला जमिनीवर, उभं राहा म्हणाला, पेन्सिल सरळ धरून पायाभोवती फिरवली, दोन्ही पायांची वेगवेगळी. तू हसलास गुदगुल्या झाल्या म्हणून आणि रेघ वाकडी गेली, मग त्यानं दुसरा कागद घेतला. तसंच कर. संध्याकाळी, दिवसभर वापरून पाय जरा फुगले की. बसून नाही, उभं राहून. वहिनींना पेन्सिल धरायला सांग, स्वतः वाकलास की वजन बदलतं. मग टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत आणि चवड्याचा सगळ्यात रुंद भाग, दोन्ही मिलिमीटरमध्ये लिही. माझा डावा २६६ आणि १०९, उजवा तेवढाच लांब पण १०६, म्हणजे दोन पायसुद्धा सारखे नाहीत माणसाचे. जो मोठा असेल त्याचं माप धरायचं.

कागदाचा फोटो नीट वरून काढ, तिरका नको. आणि हसू नको ह्या वेळी.

तुझा,
बंड्या