उन्हाळी वर्ग पहाटे भरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे उजाडला, शाळा सुटल्या, की ग्वाल्हेरच्या लष्कर भागापासून मुरार भागापर्यंत उन्हाळी वर्गांचे फलक लागतात. गायन, तबला, कथक, नाट्य, चित्रकला. महिनाभर वर्ग, मधल्या शनिवार-रविवारी कार्यक्रम आणि शेवटी समारोप. उपक्रम चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. आमची तक्रार वेळापत्रकाबद्दल आहे. आम्ही संगतीला बसणारे, वाद्ये दुरुस्त करणारे आणि मंचामागे राबणारे लोक. बहुतेक फलकांवर वर्गाची वेळ दुपारी ४ ते ६ आणि कार्यक्रमाची संध्याकाळी साडेसहा अशी असते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात याहून वाईट दोन वेळा शोधून सापडायच्या नाहीत.

दुपारी चारला लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, चालू असते. नौतप्यात, म्हणजे मे अखेरपासूनच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती त्याच वेळी उष्णता आत टाकू लागतात. मग केंद्रवाले कूलर लावतात, मुलांना गार वारा हवा म्हणून तो त्यांच्याकडेच वळवतात, आणि लू आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद करतात. घोटाळा इथेच होतो. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. ती दमट हवा बाहेर जायला वाट नसली की खोलीत ओल साचत जाते, गारवा कमी होतो आणि पंख्याचा घोंगाट तेवढा उरतो. कूलर खिडकीत बाहेरच्या अंगाला हवा आणि समोरची खिडकी निदान वीतभर उघडी हवी. पाणी भरताना प्लग काढलेला असावा, पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असावेच, आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून वाळवावी, नाहीतर डासांची पैदास आपणच पोसतो.

वाद्यांचे हाल वेगळेच. तबल्याची पुडी म्हणजे कातडे. कोरड्या हवेत ते आवळते आणि सूर चढतो, दमट हवेत सैलावते आणि सूर उतरतो. तंबोऱ्याच्या तारा धातूच्या. त्या गार झाल्या की आखडतात आणि चढतात. म्हणजे कूलरच्या झोतात तबला उतरतो आणि तंबोरा चढतो, आणि मध्ये बसलेली पेटी जवळजवळ होती तिथेच राहते. पंधरा-वीस मिनिटांत तिघांची तीन तोंडे होतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाने यातला कुठला सा धरायचा? शिक्षक मोबाइलमधला तंबोरा लावून मोकळे होतात. तो हलत नाही हे खरे, पण त्याच्याशी तबला जुळत नाही, आणि मुलांच्या कानाला बेसूर ऐकायची सवय पहिल्याच आठवड्यात लागते.

यावर उपाय साधा आहे. वाद्ये वर्गाच्या किमान अर्धा तास आधी त्याच खोलीत, कव्हर काढून ठेवावीत. रिक्षातून आणलेला तबला लगेच लावला तर तो दहा मिनिटांत पुन्हा लावावा लागतो. कूलर वर्गाआधी चालवून खोली गार करून घ्यावी, गाण्याच्या वेळी बंद ठेवावा आणि वाद्ये शेवटी त्या अवस्थेत लावावीत. तबला लावताना मोठा फरक गठ्ठ्यांनी (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांनी) काढायचा आणि बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर): वरून ठोकले की चढतो, खालून ठोकले की उतरतो. पुष्कळ ठिकाणी गठ्ठ्याला हात न लावता गजराच हातोडीने बडवला जातो; मग तो एका बाजूला खाली जातो आणि चाटेचा, म्हणजे पुडीच्या कडेचा, सूर चारी बाजूंनी सारखा येत नाही. वर्ग संपल्यावर गठ्ठे थोडे वर सरकवून ठेवावेत. दमट हवेत ताणून सुरात आणलेली पुडी रात्री कोरड्या खोलीत आणखी आवळते आणि सकाळी गजऱ्यालगत फाटलेली सापडते. मग दोष पुडीवाल्याला! डग्गा (डावा) आणि दाया (उजवा) चुंबळीवरच, म्हणजे कापडी कड्यावरच, ठेवावेत, फरशीवर नव्हे, आणि बंद मोटारीत तर कधीच नाही. पुडीवरच्या काळ्या शाईला भेगा जायला एक दुपार पुरते.

तंबोऱ्याचा भोपळा कूलरसमोर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी झाली की सांधा सुटतो. जवारीचा दोरा (तार घुमावी म्हणून घोडीवर तिच्याखाली घातलेला) दर वेळी सरकवायला लागत असेल, तर दोष दोऱ्यात शोधण्याआधी खोलीची हवा पाहावी. पेटीचा त्रास धुळीचा. आंधीनंतर, म्हणजे धुळीच्या वादळानंतर, एखादा सूर अचानक मुका होतो, कारण धुळीचा कण त्याच्या जिभेशी (आतल्या पितळी पट्टीशी) अडकतो. भाता जोरात मारून तो निघत नाही, उलट आत घट्ट बसतो. झाकण काढून त्या सुराची जीभ पातळ कागदाने अलगद उचलली की बहुधा काम होते. आंधीच्या दिवसांत पेटी वाजवत नसताना झाकून ठेवली तर तेही करावे लागत नाही.

आणि गळा. कूलरच्या घोंगाटात मुलाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते ओरडून गाते. पालकांना वाटते आवाज खुलला. तो खुललेला नसतो, ताणलेला असतो. शिवाय बरेच शिक्षक मुलांना स्वतःच्या पट्टीत, म्हणजे पेटीवरच्या काळी १ किंवा पांढरी २ ला सा धरून, गायला लावतात. या वयाच्या बहुतेक मुलांना काळी ४ ते काळी ५ सोयीची पडते. मंद्रात (खालच्या सप्तकात) कुजबुज आणि तारात (वरच्या सप्तकात) किंचाळणे होत असेल, तर पट्टी चुकली एवढे समजावे.

हे सगळे टाळायचा सोपा मार्ग म्हणजे वर्ग सकाळी ६ ते ९ या वेळात ठेवणे. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये साडेपाचच्या आत उजाडते आणि दिवसातली सर्वात गार हवा त्याच सुमाराची असते. कूलर लागत नाही, खिडक्या उघड्या राहतात, वाद्ये एकदा लावली की दीड तास राहतात. कथकचा वर्ग आधी, ६ ते ७, कारण अंग तेव्हाच हलके असते. तोही जाजम घातलेल्या सिमेंटवर नको, लाकडी तक्तपोशीवर हवा. दगडी फरशीवर महिनाभर तत्कार (कथकचे पदाघात) केला की नडग्या आणि गुडघे दुखू लागतात, आणि नवख्या मुलांना पहिल्या दिवसापासून शंभर घुंगरू बांधले की आणखी. त्यानंतर गायन आणि तबला. नऊनंतर चित्रकला आणि नाटकाचे वाचन सावलीत चालू शकते. अकराला सगळे घरी. मुले इतक्या लवकर उठत नाहीत असे सांगितले जाते. शाळेसाठी वर्षभर कोण उठवते त्यांना?

सकाळच्या वर्गाचा आणखी एक फायदा आहे, तो गाणाऱ्यांना लगेच पटेल. दुपारी चारला भूप आणि यमन हे रात्रीचे राग शिकवतात, कारण सगळीकडे तेच शिकवतात. सकाळी सातला भैरव शिकवता येतो आणि उन्हे चढल्यावर वृंदावनी सारंग. सारंग मुलांसाठी उत्तम राग आहे: गंधार-धैवत वर्ज्य, आरोहात (चढताना) शुद्ध निषाद, अवरोहात (उतरताना) कोमल. दोन निषादांतला फरक कानाला पडला की पुढे बरेच सोपे जाते. मुलांना वर्गात बसवून क्रमाने गाणे शिकवणे या शहराला काही नवे नाही. गायक कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली इथे संगीत विद्यालय काढले, आणि १९१८ साली महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने व संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय सुरू झाले. उन्हाळा तेव्हाही होता, कूलर नव्हता.

आता कार्यक्रम. साडेसहाला लख्ख ऊन असते. जूनच्या सुरुवातीला सूर्य मावळायलाच सात वाजून जातात, त्यामुळे उघड्या मंचावर तापलेल्या जाजमावर कलाकार बसवायचे आणि समोर रिकाम्या खुर्च्या. प्रत्यक्षात लोक येतात आठला. पाहुण्यांचे आगमन, दीपप्रज्वलन (वाऱ्यात तीनदा विझणारे), हारतुरे, प्रास्ताविक, यात पाऊण तास जातो. दुसऱ्या टोकाला घड्याळ उभे असते: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, मोजक्या सवलती सोडल्या तर. म्हणजे मुख्य गायकाला उरतो तासभर. विलंबित तिलवाड्यात (संथ सोळा मात्रांच्या तालात) ख्याल मांडायचा तर तेवढ्यात धड बढतही (रागाचा क्रमाने विस्तारही) होत नाही. मग सगळे मध्यलयीत उरकायचे. मारवा, पूरिया, श्री हे सांजवेळेचे राग तर हारतुऱ्यांतच मावळतात. पावणेआठला पहिला सूर लागला पाहिजे, सत्कार मध्यंतरात दहा मिनिटांत झाले पाहिजेत आणि ते छापील पत्रिकेवर तसे लिहिले पाहिजे. पत्रिकेवर लिहिले की पाहुणेही पाळतात, असा अनुभव आहे.

याहून चांगले म्हणजे रविवारी सकाळी सव्वासहाला मैफल ठेवावी. शंभर श्रोत्यांच्या चौकात माइकही लागत नाही. भैरव, तोडी ऐकायला मिळतात. वर्गातली मुले तिथेच पुढे बसू शकतात आणि आठवडाभर शिकलेला राग मोठ्या गायकाकडून ऐकतात. हंगामातला हाच धागा सध्या तुटलेला आहे: वर्गात एक चालते आणि मंचावर दुसरेच. इथल्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवाची सुरुवात हरिकथेने होते, हे शहराला माहीत आहे. उन्हाळ्यात एखाद्या सकाळी मुलांसाठी कीर्तन ठेवले तर गाणे, गोष्ट आणि अभिनय एकाच माणसाकडून पाहायला मिळेल, आणि खर्च एका तंबूवाल्याच्या बिलाहून कमी.

संध्याकाळीच करायचे असेल तर आंधीची तयारी हवी. मागचा पडदा तंबूवाले चारी बाजूंनी ताणून बांधतात. वाऱ्यात त्याचे शीड होते आणि तो खांबासकट येतो. वरची कड बांधावी, खाली वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात आणि दोरी एका ओढीत सुटेल अशी गाठ मारावी. स्पीकरच्या तिवईच्या तिन्ही पायांवर वजन हवे, आणि पश्चिमेला धूळ दिसताच स्पीकर खाली घ्यावेत, गाणे संपायची वाट पाहू नये. मंचाच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच लावावा. मिक्सरवर झाकायला प्लास्टिक हाताशी असावे. माइकवर स्पंजची टोपी नसली तर कानात फक्त वारा ऐकू येतो.

राहिला समारोप. एका वर्गात साठ मुले, शेवटी ध्वनिमुद्रित साथीवर पाच समूहगीते, ओठ हलवणारी निम्मी. वीस दिवसांत प्रत्येकी सव्वा तास धरला तर गायनाच्या मुलाला पाच-सहा अलंकार, एक स्वरमालिका आणि दोन-चार आलापांसह एक छोटा ख्याल येऊ शकतो. तबल्याच्या मुलाला तीनतालाचा ठेका आणि तीन-चार पलट्यांसह (फेरबदलांसह) एक कायदा (बोलांची ठरीव रचना). पण गायनाला एका शिक्षकामागे पंधरा आणि तबल्याला आठ याहून जास्त मुले नकोत. समारोपात प्रत्येकाला तीन मिनिटे, जिवंत साथीवर. पंधरा मुलांची पाऊण तासात होतात. चुकले तर तबलावाला सांभाळून घेतो, ध्वनिमुद्रित साथ घेत नाही. नाटकवाल्यांनी वीस-पंचवीस मिनिटांची संहिता घ्यावी, पहिले पाच दिवस नुसते वाचन करावे आणि शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय ऐकू जाईल हे रंगीत तालमीत तपासावे. गळ्यात लटकवलेल्या माइकांनी मुले कुजबुजायला शिकतात.

फलक रंगवायला जातात एप्रिलमध्ये, पुड्या मात्र त्याआधी मार्चमध्ये सांगून ठेवाव्यात. नवी पुडी चढवल्यावर दोन-तीन दिवस थोडा थोडा ताण देत बसवावी लागते, आणि वर्गाच्या आदल्या संध्याकाळी आठ जोड्या घेऊन आलेल्या केंद्राला आम्ही नाही म्हणू शकत नाही, पण सूर टिकेल अशी हमीही देऊ शकत नाही.

आपले,
लष्कर, ग्वाल्हेर येथील काही संगतकार, वाद्यकारागीर आणि रंगमंच-साहाय्यक