आईवर जे झालं नाही, त्याबद्दल

ब्रिटन, नेदरलँड्स, जपान आणि जर्मनीतल्या त्या सर्व पेशंटना, ज्यांची नावं कुठल्याच शोधनिबंधात छापलेली नाहीत,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या आईचा जठराचा कॅन्सर. तिचा उपचार ठरला तो तुमच्यावर झालेल्या चाचण्यांवरून. तुमची-आमची ओळख नाही, व्हायची शक्यताही नाही. तुमच्यातले बरेच जण आज हयात नसणार, हेही मला माहीत आहे. पण सर्जनना, वॉर्डातल्या सिस्टरना, केमोच्या हॉलमधल्या मावशींना आम्ही सातारचे कंदी पेढे देऊन आलो आणि तुमचं देणं तसंच राहिलं.

आम्ही कराडचे. आईला जेवण जाईना, चार घासांत पोट भरायला लागलं, वजन उतरलं. दुर्बिणीतून तपासणी झाली, बायोप्सी झाली, आणि जठराच्या वरच्या भागात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळी फाइल पाहून सांगितलं, आधी चार केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार केमो. घरात लगेच वादाला तोंड फुटलं. मामांचं म्हणणं, "गाठ दिसतेय ना? मग आधी काढून टाका की! घरात साप शिरल्यावर आधी औषध फवारत बसतं का कोणी?" मामांच्या बोलण्याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. पुढच्या ओपीडीत त्यांनी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला. मोठे डॉक्टर घाईत होते. त्यांच्या हाताखालच्या एका तरुण डॉक्टरांनी मात्र केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन आकडे लिहिले : ३६ आणि २३.

"पाचशे तीन पेशंट होते," ते म्हणाले. "बहुतेक ब्रिटनमधले. निम्म्यांचं नुसतं ऑपरेशन केलं, निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिली. पाच वर्षांनी नुसत्या ऑपरेशनवाल्यांपैकी शंभरात तेवीस जिवंत होते, केमोवाल्यांपैकी छत्तीस. आणि आजोबा, ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठीही केमोवाल्यांत लहान होत्या. तीन सेंटिमीटरच्या आसपास. दुसरीकडे पाच." मामांना आजोबा म्हटलेलं आवडलं नाही, पण गाठीचं पटलं.

ही 'मॅजिक' नावाची चाचणी, २००६ साली प्रसिद्ध झालेली. केमोच्या दिवशी हॉलबाहेर नातेवाइकांना बसून राहण्यापलीकडे काम नसतं, तेव्हा मी ती मोबाइलवर वाचून काढली. वाचता वाचता २३ या आकड्यापाशी थांबले. त्याच्यामागे तुम्ही २५३ जण आहात. तुम्हाला कोणी फसवलं नव्हतं, तेव्हा तिकडे नुसतं ऑपरेशन हाच नेहमीचा उपचार होता. आधी केमो दिली तर गाठ आटोक्यात येते, की माणूस ऑपरेशनआधीच खचतो, याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नव्हतं. कोण कुठल्या गटात जाणार हे तुमच्या हाती नव्हतं आणि तुमच्या डॉक्टरांच्याही. हे सगळं ऐकून घेऊन तुम्ही सही केलीत. आणि वाटणी अशी झाली की दुसऱ्या बाजूची माणसं जास्त जगली.

जगभर कौतुक होतं ते ३६ चं. पण शेजारी तुमचा २३ नसता तर त्या छत्तीसला काय अर्थ होता? मामांना गप्प कोणी केलं, तर तुम्ही.

जर्मनीतल्या ३६० जणांचंही तेच. २०१० ते २०१५ या काळात तिथल्या ३८ दवाखान्यांत ७१६ पेशंट घेतले होते. ३५६ जणांना फ्लॉट नावाची नवी केमो, तुम्हाला मॅजिकच्या पठडीतली जुनी. २०१९ साली निकाल छापून आला. तुमच्या गटातले निम्मे जण पस्तीस महिन्यांच्या आत गेले होते. फ्लॉटच्या गटात तेवढे जायला पन्नास महिने लागले. मधल्या पंधरा महिन्यांच्या जोरावर आज आमच्याकडच्या डॉक्टरांनी डोळे झाकून फ्लॉट लिहून दिली.

फ्लॉट म्हणजे काय ते तुमच्यातल्या ३५६ जणांना सांगायला नको, पण तुमच्या आणि आईच्या अनुभवात किती साम्य आहे ते सांगते. दर चौदा दिवसांनी एक सायकल, म्हणजे केमोची एक फेरी. डोसिटॅक्सेल, ऑक्सालिप्लॅटिन आणि ल्युकोव्होरिन दवाखान्यात चढवायचं, आणि चौथं औषध चोवीस तास हळूहळू छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून जात राहायचं. आईच्या गळ्यात ती पंपाची बाटली कापडी पिशवीत घालून अडकवलेली असे. रात्री कूस बदलताना नळी ओढली जाईल या धास्तीने ती उताणीच झोपायची. ऑक्सालिप्लॅटिनमुळे गार वस्तू सोसवायची नाही. फ्रिजचं दार तिने उघडायचं नाही, माठातलं पाणी प्यायचं नाही, पहाटेचं स्टीलचं पातेलं हातात धरलं तरी बोटांना झिणझिण्या. स्वयंपाकघर आयुष्यभर जिच्या ताब्यात, तिला ओट्यापासून लांब बसवणं सोपं नव्हतं. बाबांना वयाच्या सत्तरीत भाजी फोडणीला टाकायला शिकावं लागलं. त्याबद्दल मात्र तुमचे आभार मानायचे की नाही, यावर घरात मतभेद आहेत.

ऑपरेशननंतरच्या चार सायकल आईला पूर्ण झेपल्या नाहीत. रक्तातल्या पेशींचे काउंट वारंवार खाली यायचे, जुलाब थांबेनात, पायांची आग व्हायची. शेवटी डॉक्टरांनीच थांबवलं. आईने ते मनाला लावून घेतलं. "माझ्याच्यानं पुरं झालं नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, जणू व्रत अर्धवट सुटलं. इथे तुम्ही पुन्हा धावून आलात. तुमच्यापैकी ज्यांना फ्लॉट मिळाली, त्यांतल्या नव्वद टक्क्यांनी ऑपरेशनआधीच्या सायकल पूर्ण केल्या होत्या, पण आधीच्या आणि नंतरच्या मिळून सगळ्या पूर्ण करणारे ४६ टक्केच. निम्म्याहून जास्त जण मध्येच थांबले, आणि पन्नास महिन्यांचा आकडा त्या थांबलेल्यांना धरून आहे. त्यांना वगळून आकडा सजवलेला नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जर्मन लोकांनापण झेपत नाही होय!" त्यानंतर तो विषय तिने काढला नाही. थकून मध्येच थांबलेल्या तुम्हा मंडळींचा आधार आईला किती वाटला, हे तुम्हाला कधी कळणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता नेदरलँड्सच्या मंडळींकडे वळते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं देणं तुमचं आहे आणि तुमचे आभार मानायला सगळ्यात अवघड जातं.

जठराच्या कॅन्सरमध्ये नुसतं जठर काढून भागत नाही, आजूबाजूच्या लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. किती काढायच्या, यावरून जपान आणि युरोपात वर्षानुवर्षं भांडण होतं. जपानी सर्जन लांबपर्यंत साफ करायचे, त्याला डी-टू म्हणतात. युरोपातले जठरालगतच्याच ग्रंथी काढून थांबायचे, ते डी-वन. १९८९ साली तुमच्या देशाने ठरवलं की एकदा तपासूनच पाहू. तोक्योच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमधले मित्सुरू सासाको डी-टू शिकवायला तुमच्याकडे येऊन राहिले. ज्यांच्यात कॅन्सर पूर्ण काढता येईल असं ऑपरेशनच्या टेबलावर दिसलं, अशा ७११ जणांची तुलना झाली. डी-वन झालेल्यांपैकी ऑपरेशननंतर चार टक्के दगावले. डी-टू झालेल्यांपैकी दहा टक्के.

दहा टक्के. म्हणजे दहातला एक जण कॅन्सरने नाही, उपचाराने गेला. पाच वर्षांनी हिशेब मांडला तर जगण्यात फरक नाही : ४५ आणि ४७ टक्के. १९९९ साली निकाल आला तेव्हा युरोपातल्या सर्जननी डी-टूचा नाद सोडून द्यायला हवा, असंच कोणीही म्हटलं असतं.

पण तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या फाइली बंद केल्या नाहीत. पंधरा वर्षांनंतर, २०१० साली, पुन्हा मोजलं. डी-वन गटातले ४८ टक्के जठराच्या कॅन्सरने गेले होते, डी-टू गटातले ३७. म्हणजे जास्त ग्रंथी काढण्याचा फायदा खरा होता, फक्त ऑपरेशनच्या धक्क्याने तो खाऊन टाकला होता. आणि तो धक्का बराचसा कशाचा होता, तर प्लीहा आणि स्वादुपिंडाचं शेपूट काढण्याचा. तिथल्या ग्रंथी निघाव्यात म्हणून त्या काळी डी-टूमध्ये हे दोन्ही अवयव सर्रास काढत. तेव्हापासून शिफारस अशी की डी-टू करा, पण प्लीहा वाचवा.

आईचं पूर्ण जठर काढलं. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. आता तिला दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खावं लागतं, भाकरी दुधात कुस्करून, भात मऊ, आणि जेवताना पाणी प्यायचं नाही. बी-१२ चं इंजेक्शन जन्मभर. पण ऑपरेशनच्या कागदावर एक ओळ आहे, 'प्लीहा व स्वादुपिंड सुरक्षित'. सर्जननी ते सांगितलंही नाही, त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. गाठ वरच्या भागात होती, म्हणजे तुमच्या काळात आई असती तर प्लीहा गेलीच असती. प्लीहा नसली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते. मग साध्या तापालाही घाबरायचं, लशी घ्यायच्या, आणि त्याआधी मुळात ऑपरेशनमधून उठायचं. ती ओळ वाचताना मला तुमचे दहा टक्के दिसतात.

जपानच्या पेशंटचंही असंच ऋण आहे. तुमच्यापैकी ५२३ जणांवर आणखी पुढे जाऊन, महाधमनीभोवतीच्या ग्रंथी काढून काही साधतं का, हे पाहिलं गेलं. २००८ साली उत्तर आलं, काही साधत नाही, डी-टू पुरेसं आहे. मग आईसारखी वरच्या भागात गाठ असलेले ५०५ जण. प्लीहा काढलेले आणि ठेवलेले, दोघांचंही पाच वर्षांचं जगणं पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास. नेदरलँड्स, स्वीडन आणि डेन्मार्कच्या ७८८ जणांमुळे कळलं की ऑपरेशननंतर केमोच्या जोडीला रेडिएशन दिल्याने जास्त फायदा होत नाही. आमच्या शेजारच्या काकू दर आठवड्याला विचारायच्या, "शेक नाही दिला अजून?" नाही दिला. द्यायची गरज नाही हे तुम्ही आधीच पाहून ठेवलं होतं.

पेपरात बातमी येते ती नव्या औषधाची. 'फायदा आढळला नाही' अशी बातमी कोण छापणार? पण आईच्या बाबतीत पाहिलं तर जे केलं त्याच्याइतकंच मोलाचं आहे जे केलं नाही. जास्तीची कापाकापी नाही, रेडिएशनच्या खेपा नाहीत, प्लीहा जागच्या जागी. ही सगळी तुमची देणगी.

आपल्याकडे 'चाचणी' म्हटलं की लोक दचकतात. "आमच्यावर प्रयोग करताय का?" हा प्रश्न मी ओपीडीच्या रांगेत अनेकदा ऐकला. ती भीती उगाच आलेली नाही. पेशंटला नीट न सांगता केलेल्या चाचण्यांचं प्रकरण आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, २०१९ साली नवे नियम आले. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी समजण्याचं कारण नाही. मी फक्त एवढंच सांगते की त्या रांगेतल्या ज्या ज्या माणसाला आधी केमो, मग डी-टू मिळतं, त्याच्यासाठी कोणीतरी परमुलखातल्या माणसाने तो प्रश्न विचारून, उत्तर ऐकून, सही केलेली आहे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, आणखी एक निकाल आला. ९४८ पेशंट. निम्म्यांना फ्लॉटबरोबर डुर्व्हालुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध, निम्म्यांना फ्लॉट आणि नुसतंच सलाइनसारखं काहीतरी. दोन वर्षांनी आजार न वाढता, न उलटता जिवंत असलेले पहिल्या गटात ६७ टक्के, दुसऱ्यात ५८-५९. औषधाची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची आहे, तो राग वेगळा. पण लक्षात आलं का? काल जिंकलेली फ्लॉट, आईला मिळालेली फ्लॉट, आता मागे पडलेल्या बाजूला जाऊन बसली आहे. त्या बाजूच्या ४७४ जणांपैकी बरेच अजून तपासणीला येत असतील, कोणाच्या गळ्यात पंपाची पिशवी अडकवून झाली असेल, कोणाचे काउंट खाली आले असतील. हे पत्र त्यांनाही आहे.

आईची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. सध्या बरी आहे. ओट्याचा ताबा तिने परत घेतला असून फोडणी बाबांकडेच ठेवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी,
कराडच्या एका पेशंटची लेक