मार्क नकोत, रिजेक्शनचं रजिस्टर पाठव

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. १७ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर सरावाच्या पेपरातल्या टक्क्यांचा तुझा मेसेज आला. '७१'. नुसता आकडा, पुढं एक रडकं तोंड. त्याच्या आदल्या रविवारी '६८' आला होता. दिवाळीत इथं माडीवर बसून दिलास त्याला ७०. तुझी आई म्हणाली, "वाढलेत की मार्क, तोंड कशाला पाडलंय पोरीनं?" मी गप्प बसलो. फोनवर सांगायला गेलो की तू "हो पप्पा, हो पप्पा" म्हणत लिफ्टमध्ये शिरतेस आणि आवाज तुटतो. म्हणून शेवटी कागद काढला.

पहिलं म्हणजे हे आकडे पाठवायचं बंद कर. तुझ्या पीएमपीला, म्हणजे त्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या परीक्षेला, पास व्हायला किती टक्के लागतात हे ती घेणारे पीएमआयवाले सांगतच नाहीत, हे तूच मला सांगितलंस ना? निकालपत्रात टक्के नसतात. टार्गेटच्या वर, टार्गेटवर, टार्गेटच्या खाली आणि सुधारणा हवी, असे चार पट्टे असतात, बस्स. १८० प्रश्नांतले ५ तर मोजतही नाहीत आणि ते कुठले हेही कळू देत नाहीत. मग त्या सरावाच्या पेपरातल्या ७१ वरून तू गावाजवळ आलीस का अजून कागलातच आहेस, हे कसं ठरवायचं?

मी ३१ वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत काढली, त्यातली शेवटची १९ इन्स्पेक्शनला. रोज संध्याकाळी मालक केबिनमधून ओरडून विचारायचे, "आज रिजेक्शन किती?" मी सांगायचो, "सहा टक्के." ते कधी खूश व्हायचे, कधी शिव्या घालायचे. पण त्या आकड्यानं एवढ्या वर्षांत एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, सुधारल्याचं मला आठवत नाही. सुधारायचं ते रजिस्टरातल्या पुढच्या रकान्यामुळं. कशामुळं गेलं? ब्लो होल, म्हणजे गॅसचं भोक, आलं, वाळू पडली, कोअर सरकला का कोल्ड शट? ब्लो होल असेल तर वाळूत ओल जास्त आहे का बघायचं, गॅस बाहेर पडायला वाट ठेवली होती का बघायचं. कोल्ड शट असेल तर साच्यात जाईपर्यंत लोखंड थंड पडलंय. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. आणि नुसतं 'खराब' लिहून तो माल परत भट्टीत टाकला, तर उद्या तसलाच माल बाहेर येणार.

दिवाळीत मी बघत होतो. जवळजवळ चार तास बसून पेपर सोडवलास, मार्क बघितलेस, मग चुकलेल्या प्रश्नांची स्पष्टीकरणं भराभर खाली सरकवलीस. दर दोन मिनिटांनी, "हां, हे येत होतं मला." वीस मिनिटांत खाली येऊन चकलीच्या डब्यावर बसलीस. आमच्याकडं हे उलटं असायचं. साचा भरायला काही सेकंद, आणि ते कास्टिंग का बिघडलं हे शोधायला अर्धा दिवस. वेळ पडली तर करवतीवर धरून मधून कापायचं आणि आतलं तोंड भिंगानं बघायचं.

त्या संध्याकाळी मी हट्टानं तुला परत बसवलं, आठवतंय? तुझ्या ५४ चुका होत्या. त्यातल्या पहिल्या वीस आपण दोघांनी कापून बघितल्या. ज्या विषयातलं तुला खरंच काही माहीत नव्हतं अशा निघाल्या फक्त चार. सूत्रांत तर एकही नाही. ईव्हीला, म्हणजे झालेल्या कामाच्या ठरलेल्या किमतीला, एसीनं, म्हणजे खऱ्या खर्चानं, भागलं की सीपीआय, एकाच्या खाली आला की कामापेक्षा पैसा जास्त जातोय, हे तू झोपेतसुद्धा सांगशील. आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठून काय केलंस? तेच जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलंस. रोग वाळूत आणि तू भट्टी दुरुस्त करायला निघालीस.

उरलेल्या सोळांत जास्त भरणा होता तो तुझ्या ऑफिसच्या सवयीचा. तो प्रश्न बघ, ज्यात एक बडा स्टेकहोल्डर, म्हणजे त्या कामात हितसंबंध असलेला माणूस, टीममधल्या पोराला परस्पर बदल करायला सांगतो. प्रोजेक्ट मॅनेजरनं आधी काय करावं? तू टिक केलंस, स्पॉन्सरला, म्हणजे प्रोजेक्टला पैसा देणाऱ्याला, कळवणे. खरं सांगू, मीही तेच केलं असतं. आमच्यात मालकाच्या कानावर घातलं की आपली जबाबदारी संपली. पण ही परीक्षा म्हणते, आधी त्या बदलानं वेळेवर, पैशावर, कामावर काय परिणाम होतो ते बघ, मग ठरलेल्या वाटेनं मंजुरीला ने. लगेच वर पळायचं नाही, लगेच 'नाही' म्हणायचं नाही आणि गुपचूप करूनही टाकायचं नाही. स्क्रमच्या, म्हणजे छोट्या टीमनं थोडं थोडं करत काम पुढं न्यायच्या पद्धतीच्या, प्रश्नांतही तसंच. टीममध्ये दोघांचं पटत नाही, की तू मॅनेजरला निर्णय द्यायला लावतेस, कारण तुमच्याकडं मॅनेजरच सकाळी कामं वाटतो. त्या पद्धतीत काम कसं करायचं हे टीमनं ठरवायचं, कुठलं आधी हे प्रॉडक्ट ओनरनं, आणि मधला अडथळा काढायचा तो स्क्रम मास्टरनं. "पप्पा, खरं तर कुठंच असं चालत नाही," असं म्हणालीस. नसेल चालत. पण कास्टिंग गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणं लागतं, आपल्याला काय सोयीचं पडतं त्याप्रमाणं नव्हे.

रिस्क आणि इश्यू यातही तू दोनदा घसरलीस. कोल्हापूरची पोरगी असून! राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला टेकलं की शिरोलीचा हायवे अजून उघडाच असतो, पण तो बंद पडू शकतो. ही रिस्क. त्या ३९ च्या आकड्याला तुमच्या भाषेत ट्रिगर म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही बघत बसलो, पाणी हायवेवर आलं आणि भरलेल्या गाड्या दिवसच्या दिवस जागेवर. तो झाला इश्यू. तिथं आता 'काय होऊ शकेल' असं लिहीत बसायचं नसतं. पुढं २०२१ च्या जुलैत पाणी चढायला लागल्याबरोबर पुण्याकडचा माल आम्ही दोन दिवस आधीच बाहेर काढला. परत असा प्रश्न आला तर डोळे मिटून बंधारा आठव.

बाकीच्या चुका वाचण्यातल्या. चार ओळींची गोष्ट असते आणि खरं विचारलेलं असतं शेवटच्या ओळीत: आधी काय, यानंतर काय, सगळ्यात योग्य काय. तू गोष्ट वाचतानाच उत्तर ठरवून मोकळी होतेस. शेवटची ओळ पहिल्यांदा वाच, एवढंच.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुझी बरोबर आलेली उत्तरं तू बघतच नाहीस.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी नव्हती. तू पाचवीत असताना मी ४० हाउसिंग, म्हणजे यंत्राची बाहेरची कवचं, पास करून पाठवली. वरून कशी, आरशासारखी. हातोडीनं वाजवली, आवाज खणखणीत. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाकडनं फोन. मशीनवर दोन मिलिमीटर कातडं निघालं आणि आत भोकंच भोकं. ४० पैकी २३ परत आली. त्यांचं मशिनिंगचं बिल आमच्या डोक्यावर, आणि मालकांनी सगळ्यांसमोर मला काय काय ऐकवलं ते राहू दे. त्या महिन्यात रिजेक्शनचा आकडा फार छान होता, हे वेगळं सांगायला नको.

तू दोन पर्यायांत अडकतेस, मग अंदाजानं एकावर टिचकी मारतेस, आणि ते बरोबर निघतं. मार्कांत ते धरलं जातं. पण ते कास्टिंग आतून पोकळ आहे. म्हणून पेपर सोडवतानाच, ज्या उत्तराची खात्री नाही त्याचा नंबर बाजूच्या कागदावर लिहून ठेव. तपासताना तो प्रश्न चूक असो वा बरोबर, कापायचाच. उरलेले तीन पर्याय का नाहीत, हे प्रत्येकाचं एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर ते परतच आलंय असं समज.

तुझ्या दिवाळीच्या पेपराचे मी तीन तुकडे करून बघितले. पहिल्या ६० त ४७ बरोबर, दुसऱ्या ६० त ४५, शेवटच्या ६० त ३४. विषय तेच मिसळलेले, डोकं तेच. मग बिघडलं काय? अगं, लेडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीत, भट्टीतून घेतलेलं लोखंड पहिल्या साच्याला रसरशीत असतं. दहाव्या साच्यापर्यंत पोरं रमतगमत गेली, की शेवटच्या दोन-तीन कास्टिंगना हमखास कोल्ड शट. मालात खोट नसते, तो थंड झालेला असतो. परीक्षा २३० मिनिटांची, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून किंचित जास्त. ६० आणि १२० प्रश्नांनंतर दहा दहा मिनिटांची सुट्टी मिळते, आणि सुट्टीवरून आलं की मागच्या प्रश्नांकडं परत जाता येत नाही. तू मात्र दिवाळीच्या त्या पेपरात ही मधली सुट्टी घेतलीच नाहीस. "वेळ वाचवला" म्हणालीस. सुट्टीचा वेळ त्या २३० मिनिटांत धरतच नाहीत, मग वाचवलास काय? वर मधे तीनदा चहा प्यालीस, दोनदा मोबाइल बघितलास. इथून पुढं पूर्ण पेपर द्यायचा तर परीक्षेच्याच वेळेला, मोबाइल दुसऱ्या खोलीत, दोन्ही सुट्ट्या घ्यायच्या, उठून पाणी प्यायचं, गॅलरीत फिरायचं. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा वेळ संपताना एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आणि तोच पेपर परत देऊन ९१ पडले म्हणून नाचू नकोस. ते तू प्रश्न ओळखलेस, सोडवले नाहीस. तुझ्या मैत्रिणीनं टेलिग्रामवर पाठवलेले 'खरे परीक्षेतले प्रश्न' असतील ते काढून टाक. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही असं प्रत्येकाकडनं लिहून घेतात, आणि त्यांच्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, न्याय यांच्या जोडीला प्रामाणिकपणा आहे. चोरीच्या प्रश्नांवर तयारी करून प्रामाणिकपणाचे प्रश्न सोडवायचे, हे मला तरी जमलं नसतं.

जानेवारीतल्या परीक्षेपर्यंत सात-आठ आठवडे आहेत. माझं ऐकशील तर पूर्ण पेपर आता चारच दे, पंधरा पंधरा दिवसांनी. मधल्या दिवसांत रोज वीस प्रश्न, तेही रजिस्टरात ज्या कारणाची गर्दी दिसेल त्यावरचे. रोज एक पूर्ण पेपर ओतत राहिलीस तर कापून बघायला वेळच उरणार नाही. आणि नाही जमलं पहिल्यांदा, तर वर्षभरात तीनदा बसता येतं. पैसे जातील, ते जाऊ देत. शेजारच्या काकूंना मी अजून परीक्षेचं नावसुद्धा सांगितलेलं नाही.

"पप्पा, मी परत तिथंच अडकलो," असं परवा फोनवर म्हणालीस. पुण्यात इतकी वर्षं राहून 'अडकलो'च म्हणतेस, हे ऐकून बरं वाटलं. तिथल्या मैत्रिणी हसल्या तर हसू देत.

यासोबत एक लांबडं रजिस्टर पाठवतोय. उद्यमनगरातून आणलं, आमच्या इन्स्पेक्शनला असायचं तसलंच, जाड पुठ्ठ्याचं. लाल पेनानं रकाने आखलेत: तारीख, प्रश्न नंबर, कितव्या साठात, मी काय लिहिलं, बरोबर काय, खात्री होती का, आणि सगळ्यात रुंद रकाना 'कशामुळं'. त्यात 'सिली मिस्टेक' असं लिहिलेलं मला चालणार नाही, ते 'खराब' लिहिण्यासारखंच आहे. दर रविवारी आकड्याऐवजी त्या पानाचा फोटो पाठव.

पहिली ओळ मी भरली आहे. तू गेल्यावर तुझ्या छापील कागदांतले वीस प्रश्न मी पण सोडवून बघितले, आईच्या मदतीनं इंग्रजी लावत. अकरा बरोबर आले, त्यातले चार अंदाजानं. कशामुळंच्या रकान्यात मी लिहिलंय: 'मालकाकडं पळत गेलो.'

आईनं डब्यात कांदा-लसूण चटणी आणि भडंग दिलंय. भडंग लगेच संपव, मऊ पडतं.

तुझे,
पप्पा